आधी हाड, मग दात

दात काढला की तिथे एक खड्डा राहतो. पंधरा-वीस दिवसांत तो हिरडीने झाकला जातो, जेवताना टोचेनासं होतं, दुसऱ्या बाजूने चावायची सवय लागते आणि माणूस समजतो की विषय संपला. खरं तर विषय तिथूनच सुरू होतो. वरून सगळं बरं दिसत असताना हिरडीखालचं हाड झिजायला लागलेलं असतं. ते दुखत नाही, सुजत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही.

बाभुळगावातून आणि बेंबळा नदीच्या काठच्या गावांतून येणाऱ्या माणसांना खुर्चीत बसवून घाईघाईत जे सांगावं लागतं, ते त्यांना घरी सावकाश वाचता यावं म्हणून हे छोटं पुस्तक लिहिलं. इम्प्लांट बसवण्याआधी जबड्यात हाड भरतात, त्याला बोन ग्राफ्टिंग म्हणतात, तो याचा विषय. पुस्तकाचा सारा रोख मात्र एकाच गोष्टीवर आहे: हाडाचा विचार दात काढायच्या दिवशीच झाला पाहिजे. दोन-तीन वर्षांनी, यवतमाळला नाहीतर नागपूरला स्कॅन काढल्यावर, ‘इथे हाडच उरलं नाही’ हे ऐकायची पाळी येऊ नये.

ती पाळी आली की माणसं जे विचारतात ते आमच्या वऱ्हाडी बोलीतच लिहितो. ‘दात त गेला, आता हाडबी गेलं म्हंता? थे कसं जी?’ प्रश्न अगदी रास्त आहे. हातापायाचं हाड मोडलं तरी जुळून येतं, मग दाताखालचंच हाड का जावं?

कारण ते हाड दातासाठीच असतं. जबड्याचा मूळ कणा वेगळा आणि त्याच्यावर दातांना धरून ठेवणारा हाडाचा उंचवटा वेगळा. हा उंचवटा दात येताना त्याच्याबरोबर तयार होतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक पडदा असतो. चावताना येणारा दाब त्या तंतूंतून हाडाला पोचतो आणि हाडाला रक्तपुरवठाही बऱ्याच अंशी तिथूनच होतो. दात निघाला की दाब थांबतो, तो रक्तपुरवठाही थांबतो. सगळ्यांत आधी जाते ती ओठाच्या बाजूची भिंत. समोरच्या दातांपाशी ही भिंत पुष्कळदा एक मिलिमीटरसुद्धा जाड नसते. पक्कड लावून दात हलवताना ती दातासोबतच तुटून येते, आणि काढणाऱ्याला नेहमीच ते कळतं असं नाही.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2003 साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. एक दाढ किंवा उपदाढ काढल्यावर वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्यावर आली होती आणि त्यातली दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. त्याच्याही आधी, 1972 साली, आंत्ये टालग्रेन यांनी पूर्ण कवळी वापरणाऱ्या माणसांचा पंचवीस वर्षांचा अभ्यास मांडला. हाडाची झीज वर्षानुवर्षं चालूच राहते आणि खालच्या जबड्यात ती वरच्यापेक्षा जवळजवळ चौपट असते, असं त्यांना आढळलं. खालची कवळी बसत नाही, बोलताना उचलली जाते, भाकरी खाताना सरकते ही तक्रार आपल्याकडे घराघरात आहे. पुष्कळ म्हातारी माणसं जेवताना कवळी काढून वाटीत ठेवतात आणि भाकरी वरणात कुस्करून खातात. कवळी करणाऱ्याचा दोष त्यात थोडा असेल, बसवायला हाडच राहिलेलं नाही हे कारण मोठं आहे.

आपल्या भागात दात जाण्याआधीच हाड गेलेलं असतं, हे दुसरं दुखणं. पायोरियात हिरडीखाली कीटण साचतं, सूज राहते आणि हाड मुळाच्या टोकाकडे सरकत जातं. दात हलायला लागला तरी माणूस दवाखान्यात येत नाही. ‘हलतो आहे तोवर राहू द्या, आपोआप पडेल,’ असं म्हणतात. तो हलणारा दात राहतो तितके महिने आजूबाजूचं हाड जात राहतं. त्यात खर्रा. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना गालात धरायची सवय आज शाळकरी पोरांपर्यंत पोचली आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी खर्रा पानठेल्यावर घोटून मिळतोच. गोळी जिथे धरतात तिथली हिरडी खाली उतरते, मुळं उघडी पडतात. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होऊन तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत अशी तरुण मुलं मी पाहतो तेव्हा जीव तुटतो. कॅन्सरची भीती तर आहेच, त्याशिवाय अशा तोंडात मागच्या दाढांपाशी ड्रिलही पोचत नाही. कितीही चांगलं हाड भरायचं ठरवलं तरी हात आत जायला हवा.

आता इम्प्लांटला हाड लागतं ते का आणि किती, याचा हिशेब. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. गावात ‘स्क्रूचा दात’ म्हणतात तो हाच. पेर-इंगवार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाने 1952 च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमचं एक छोटं उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते निघेना, हाड त्याला घट्ट चिकटलं होतं. त्यातून पुढे 1965 साली येस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन 2006 साली वारले तेव्हाही ते इम्प्लांट काम देत होते. सारी गोम त्या चिकटण्यात आहे. मधे हिरडीचं मांस शिरलं तर स्क्रू हलतो आणि काढावा लागतो. साधारण चार मिलिमीटर जाडीचा स्क्रू बसवायचा तर त्याच्या दोन्ही बाजूंना निदान एक-दीड मिलिमीटर हाड हवं, म्हणजे सहा-सात मिलिमीटर रुंदी. उंची आठ-दहा मिलिमीटर मिळाली तर बरं. शिवाय खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिच्यापासून दोनेक मिलिमीटर अंतर राखावं लागतं. इथे एकेक मिलिमीटरला किंमत आहे, ती अशी. साध्या एक्स-रेत उंची दिसते, रुंदी दिसत नाही. म्हणून रुंदीही दाखवणारा सीबीसीटी स्कॅन लागतो, आणि तो न काढता ‘हाड भरावं लागेल’ किंवा ‘लागणार नाही’ असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

भरायचं हाड येतं कुठून? पुस्तकातलं सगळ्यांत लांब प्रकरण याच प्रश्नावर आहे. रुग्णांना हे जाणून घ्यायचा हक्क आहे आणि तो फार वेळा डावलला जातो, अशी माझी खात्री आहे.

पहिलं आणि जुनं उत्तर म्हणजे स्वतःचंच हाड. खालच्या अक्कलदाढेच्या मागचा भाग किंवा हनुवटी यांतून तुकडा काढतात, फार मोठी उणीव असेल तर कमरेच्या हाडातून. त्यात जिवंत पेशी असतात, म्हणून अजूनही याचा मान मोठा आहे. पण एका जागेसाठी दुसरी जखम सोसावी लागते. हनुवटीतून काढलं तर खालच्या दातांपाशी काही काळ बधिरपणा राहू शकतो.

दुसरं, दुसऱ्या माणसाने दिलेलं हाड. याची एक महत्त्वाची संस्था आपल्याच राज्यात आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 साली ऊतीपेढी सुरू झाली. दात्याची कावीळ, एचआयव्ही वगैरे तपासण्या करून घेतलेलं हाड तिथे धुतात, गोठवून वाळवतात, पाकिटबंद करतात आणि शेवटी गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, आयसोमेड नावाचं विकिरण केंद्र 1974 पासून आहे, हे काम तिथे होतं. अशा कामाला कायद्याची चौकटही आहे. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 साली दुरुस्ती होऊन ऊतींचाही त्यात समावेश झाला. नेत्रदानाबद्दल आपण गावोगाव बोलतो, हाडाच्या दानाबद्दलही बोललं पाहिजे.

तिसरं, जनावराचं हाड. बाजारात सर्वांत जास्त वापरली जाणारी हाडाची भुकटी गोवंशाच्या हाडापासून बनते. रासायनिक प्रक्रिया आणि उष्णता देऊन त्यातला मांसल अंश पूर्ण काढतात, उरतो तो फक्त खनिजाचा सांगाडा. शास्त्राच्या दृष्टीने ती उत्तम वस्तू आहे, तिच्यावर दशकानुदशकं अभ्यास झाला आहे आणि ती सावकाश विरघळत असल्याने भरलेला आकार टिकतो. पण ज्याच्या घरी पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावतात, पुरणपोळी आधी बैलाला आणि मग घरच्यांना मिळते, त्या माणसाच्या जबड्यात ती भरताना त्याला विचारलंच पाहिजे. वर झाकायचा कोलॅजेनचा पडदा कधी गाईचा, कधी डुकराचा असतो, म्हणून मुसलमान बांधवांना ते सांगितलं पाहिजे आणि जैनांनाही. कुणी ‘चालेल’ म्हणतं, कुणी ‘नको’. दोन्ही उत्तरं सारख्याच मानाने घ्यावीत. खर्च आणि वेळ यांची माहिती द्यावी, श्रद्धेबद्दल वाद घालू नये. नंतर कुणाकडून तरी कळण्यात जो विश्वासघात वाटतो, तो कुठल्याही औषधाने भरून येत नाही.

‘नको’ म्हणणाऱ्यासाठी चौथी वाट आहे, कृत्रिम हाडाची. कॅल्शियम आणि फॉस्फेटची हायड्रॉक्सीअपॅटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही संयुगं प्रयोगशाळेत बनवतात, त्यांत कुठल्याही जिवाचा अंश नसतो. अमेरिकेत लॅरी हेंच यांनी 1969 साली हाडाशी जुळून येणारी काच शोधून काढली, तीही याच घरातली. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने अशा पदार्थांवर मोलाचं काम केलं आहे. काही ठिकाणी रुग्णाचाच काढलेला दात स्वच्छ करून, दळून, त्याची भुकटी भरतात.

यातली कुठलीही भुकटी म्हणजे तयार हाड नव्हे, हे लक्षात ठेवावं. तिच्या दाण्यांमधल्या फटींत रक्त साकळतं, त्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मागोमाग हाड बनवणाऱ्या पेशी येतात आणि दाण्यांच्या आधाराने आपलं हाड रचतात. काही दाणे विरघळून जातात, काही नव्या हाडात तसेच राहतात. हाड शरीर बनवतं, आम्ही त्याला जागा करून देतो.

दात काढायच्या दिवशी हे करायचं तर ते किती छोटं काम आहे, ते जवळून सांगतो. दाढेची मुळं वेगवेगळी कापून, भिंतींना धक्का न लावता एकेक बाहेर काढायची. खड्ड्यातली खराब मांसाची गाठ खरवडून स्वच्छ करायची, ताजं रक्त येऊ द्यायचं. काचेच्या बारीक कुपीत अर्धा ग्रॅम भुकटी असते. ती त्या रक्तात किंवा सलाइनमध्ये कालवली की ओल्या वाळूगत एकत्र येते. चपट्या टोकाच्या उपकरणाने ती खड्ड्यात हलक्या हाताने बसवायची. ठासून भरायची नाही, नाहीतर रक्ताला फटी उरत नाहीत. वर पडदा, त्यावर फुलीचा टाका. पुष्कळदा रुग्णाच्याच हातातून दहा मिलिलिटर रक्त काढून यंत्रात फिरवतात. नळीच्या तळाशी तांबड्या पेशी बसतात आणि वर पिवळसर, लवचिक गोळा जमतो, त्याला पीआरएफ म्हणतात. फ्रान्सच्या जोसेफ शुकरून यांनी 2001 साली ही पद्धत मांडली. बाहेरचं काही मिसळावं लागत नाही आणि मऊ भाग लवकर भरतो. नुसत्या पीआरएफने हरवलेली भिंत उभी राहते, असा दावा कुणी केला तर मात्र सावध राहावं.

पडदा का लागतो? हिरडीच्या पेशी झपाट्याने वाढतात, हाडाच्या पेशी सावकाश. मोकळं सोडलं तर हिरडीच आत शिरून जागा अडवते. नुकतं उगवलेलं पीक मोठं होईपर्यंत आपण शेताला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालतो, तसंच हे. स्वीडनमध्ये 1980 च्या दशकात हे तत्त्व प्रयोगांनी सिद्ध झालं, आणि रुंदी वाढवण्याची आजची बहुतेक कामं त्याच्यावर उभी आहेत. कुंपण मधेच उघडं पडलं तर दाणे बाहेर येतात, कधी पू होतो, सगळं काढून पुन्हा करावं लागतं. असं होतं, आणि शस्त्रक्रियेच्या आधी ते सांगायला हवं.

वरच्या मागच्या दाढांची गोष्ट निराळी. त्यांच्या मुळांवर वरच्या जबड्याच्या हाडातली हवेची पोकळी असते, सायनस. दाढा गेल्या की खालून हाड झिजतं आणि वरून पोकळी खाली पसरते. मधे कधी कधी दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा उरतो. अशा वेळी पोकळीचं अस्तर उचलून त्याखाली हाड भरतात. अमेरिकेत हिल्ट टेटम यांनी 1970 च्या दशकात हे सुरू केलं, बॉइन आणि जेम्स यांनी 1980 साली ते प्रसिद्ध केलं. हाडात बाजूने छोटी खिडकी करतात. आत निळसर, पातळ अस्तर दिसतं आणि रुग्णाच्या श्वासाबरोबर ते हलत असतं. ते फाटू न देता उचलणं ही या कामातली खरी कसोटी. नंतर दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. सोयाबीनची मळणी चालू असताना, भुशाच्या धुळीत उभं राहणाऱ्या माणसाला हे पाळणं शक्य नाही. तारीख ठरवताना शेतातली कामं विचारावीत, ती याचसाठी.

वेळेचा हिशेब शेतकऱ्याला सहज कळतो. पेरणीच्या तोंडावर दाढ काढून हाड भरलं, तर कापसाच्या पहिल्या वेच्यापर्यंत चार-पाच महिने होतात आणि तेवढ्यात बहुधा इम्प्लांट घालण्याजोगं हाड होतं. सायनसमध्ये भरलं तर सहा ते नऊ महिने. घाई करून चालत नाही. या मधल्या काळात खर्रा, बिडी, तपकीर बंद हवी, कारण तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि भरलेल्या हाडाचा सगळा भरवसा त्यांच्यावर असतो. साखरेचा आजार असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून ती ताब्यात आणावी. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, तर दात काढायच्या आधी ते सांगावं. आई-आजीला कशाचं इंजेक्शन दिलं हे घरात पुष्कळदा कुणाला आठवत नाही, म्हणून जुने कागद सोबत आणावेत. त्या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडतं आणि भरत नाही.

इतकं सांगून झाल्यावर हेही स्वच्छ सांगायला हवं की हाड भरणं प्रत्येकाला लागत नाही. दात काढल्यावर लगेच भरलं तरी झीज पूर्ण थांबत नाही. अभ्यासांची गोळाबेरीज केली तर न भरलेल्या जागेपेक्षा सरासरी एक-दीड मिलिमीटर हाड जास्त वाचतं. वर सांगितलेल्या हिशेबात एवढ्याने पुष्कळदा दुसरी मोठी शस्त्रक्रिया टळते, पण ज्याला इम्प्लांट करायचाच नाही त्याच्यावर हा खर्च लादू नये. अक्कलदाढ काढली तर तिथे भरायचं कारण नाही. काही ठिकाणी सहा मिलिमीटरचा आखूड इम्प्लांट पुरतो, काही ठिकाणी तिरका घालता येतो. शेजारचे दोन्ही दात आधीच टोपी लागण्याजोगे झाले असतील, तर ब्रिज हाच शहाणपणाचा मार्ग. ऐंशीच्या घरातल्या माणसाला नीट बसणारी कवळी मिळाली आणि तो भाकरी खाऊ लागला, तर त्याला आणखी काही विकू नये.

पैशाचं प्रकरण छोटं आहे, पण लोक ते आधी उघडतील हे मला ठाऊक आहे. इम्प्लांटचा खर्च आधीच एका बऱ्या हंगामाची शिल्लक खातो, त्यात भुकटी आणि पडद्याची भर पडते. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय 1968 पासून चालू आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथेही दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकाऊ डॉक्टर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्च साधारणपणे खासगीपेक्षा कमी येतो. फेऱ्या जास्त होतात, बुडालेली मजुरी आणि एसटीचं भाडं हिशेबात धरावं. कुठेही गेलात तरी चार गोष्टी कागदावर लिहून मागा: स्कॅनमध्ये हाड किती आहे, काय भरणार, ते कशाचं आहे, आणि जमलं नाही तर पुढे काय.

शेवटचं प्रकरण रुग्णांसाठी नाही, तालुक्यात दात काढणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांसाठी आहे. भुकटी ठेवणं सगळ्यांना परवडणार नाही, स्कॅनचं यंत्र तर नाहीच. पण ओठाच्या बाजूला जोर न देता दात काढणं, दाढेची मुळं वेगळी करणं, तुटकं मूळ शोधण्यासाठी भिंत न फोडणं, काढल्यावर बोटांनी खड्डा आवळून न टाकणं आणि रुग्णाला ‘इथे पुढे दात बसवायचा विचार आहे का?’ हे सुई टोचण्याआधी विचारणं, याला काही विकत आणावं लागत नाही. कोणत्या दाताला कुठल्या दिशेने हलवायचं, कुठे थांबायचं, भिंत तुटलीच तर हिरडीला चिकटलेला तुकडा काढायचा की तसाच ठेवून शिवायचं, हे त्या प्रकरणात चित्रांसह दिलं आहे.